कॉरिडॉरमधला कूलर

मी काय करते, हे फरीदाबादच्या आमच्या मराठी मंडळात बरीच वर्षं कुणाला धड माहीत नव्हतं. आई सांगायची, "ती उजेडावर काम करते," त्यामुळे काही जणांचा समज होता की मी वीज मंडळात आहे. एका काकांनी तर वाढीव बिलाची तक्रार माझ्याकडे आणून दिली होती. मग एका हळदीकुंकवाला एका काकूंनी सरळच विचारलं, तेव्हा मीही सरळच सांगायचं ठरवलं. म्हटलं, एका बाजूला रेडिओच्या लहरी असतात, दुसऱ्या बाजूला उष्णतेच्या असतात. दोन्हींच्या मधोमध एक पट्टा आहे, त्याला टेराहर्ट्झ म्हणतात. तो पकडायला चांगली साधनं अजून फारशी नाहीत, मी तसं एक साधन बनवते.

"त्याचा उपयोग काय गं?" काकूंनी विचारलं.

"या लहरी कापडातून आरपार जातात. विमानतळावर कुणी कपड्यांच्या आत काही लपवलं असेल, तर ते दिसतं."

बोलले आणि चूक लक्षात आली. खोलीतल्या झाडून सगळ्या बायकांनी पदर सारखे केले. एकीने तिळगूळ घेता घेता हळूच विचारलं, "घरी नाही ना आणलंस ते?"

घरी आणण्यासारखं ते नव्हतंच. नखाएवढी एक चिप, ती एका स्टीलच्या भांड्यात बसवलेली, आणि ते भांडं द्रवरूप नायट्रोजनने गार केलेलं. दिल्लीतल्या एका संस्थेच्या तळमजल्यावर आमची प्रयोगशाळा होती आणि मी रोज मेट्रोने तिथे जाऊन या चिपची मनधरणी करत असे. साध्या डिटेक्टरला आपल्यावर काहीतरी पडतंय एवढंच कळतं. आमच्या डिटेक्टरला मात्र सांगता यायला हवं होतं की आता ही वारंवारता पकड, आता ती सोड आणि पुढची पकड. जुन्या रेडिओची कळ फिरवून स्टेशन लावतात, तसं.

हे कसं व्हायचं, ते परात घेऊन समजावता येतं, आणि मी बाबांना तसंच समजावलं होतं. परातीत थोडं पाणी घेऊन हलवलं की लाटा सावकाश जातात. जास्त घेतलं की भराभर जातात. चिपच्या आत पाण्याच्या जागी इलेक्ट्रॉनांचा एक पातळ थर असतो. वरच्या गेटला व्होल्टेज दिलं की थर दाट होतो, लाटांचा वेग वाढतो, आणि डिटेक्टर वेगळ्या वारंवारतेला प्रतिसाद देतो. पडद्यावर या प्रतिसादाचं एक शिखर दिसतं. गेटचं व्होल्टेज वाढवलं की शिखर सरकायला हवं. माझ्या प्रबंधाची तीन प्रकरणं लिहून झाली होती आणि चौथं या सरकण्यावर उभं होतं. शिष्यवृत्ती त्या उन्हाळ्यात संपत होती. आणि शिखर काही केल्या सरकत नव्हतं. पडद्यावर इतकी खरखर असायची की ते नेमकं कुठे आहे यावरच वाद व्हायचे.

वाद घालायला आम्ही तिघं होतो. माझे गाइड, म्हणजे सर, मूळचे लखनौचे. ते माणसांशी तर अदबीने बोलतच, पण उपकरणांनाही त्यांनी कधी एकेरी हाक मारली नाही. "ये आज कुछ नाराज हैं," असं ते व्हॅक्यूम पंपाबद्दल म्हणत. दुसरा माझा सहकारी, सोनीपतचा. आम्ही त्याला सोनीपतच म्हणायचो आणि तो मला मराठी म्हणायचा. आखाड्यात घडलेला देह, आणि हात असे हलके की केसाहून बारीक तार चिपला जोडायची वेळ आली की सगळी इमारत त्याला बोलवायची. लहरींचा स्रोत तो सांभाळायचा, गेट मी सांभाळायचे.

घरी आई आणि बाबा. बाबा केंद्र सरकारच्या ऑडिटमधून निवृत्त झालेले, पण ऑडिट त्यांच्यातून निवृत्त झालेलं नव्हतं. भाजी महाग आणली तरी ते "ऑब्जेक्शन" घ्यायचे. विजेच्या बाबतीत तर विचारू नका. आपण खोलीतून उठायचा अवकाश, की मागून बटण बंद झाल्याचा आवाज यायचा. कधीकधी उठायच्या आधीच यायचा. आईची यावर एक ठरलेली तक्रार होती. "ह्यांनी जन्मात माझ्यासाठी कधी पंखा लावला नाही, फक्त बंद केला," ती म्हणायची, आणि बाबा पेपर वाचत राहायचे.

आईचं स्वतःचं राज्य म्हणजे मंडळाची हाउजी. पिशवीत हात घालून नंबर काढायचा आणि तो पुकारायचा, हे काम तिच्याशिवाय कुणी करायचं नाही असा अलिखित नियम होता. तिचे पुकारेही तिचेच होते. "दोन जावा, शेजारी बसतात, बोलत नाहीत, बावीस." "मंडळाचं सरासरी वय, सत्तर." नंबर काढण्याआधी ती पिशवी इतकी घुसळायची की लोक वैतागायचे. पण तिच्या हाउजीवर कधी कुणी शंका घेतली नाही.

त्या एप्रिलमध्ये प्रयोगशाळेतला एसी बंद पडला. तक्रार दिली. दुरुस्तीवाल्यांनी येऊन पाहिलं, मान हलवली आणि "पार्ट आएगा" म्हणून निघून गेले. पार्ट कुठून निघाला होता कोण जाणे, पण तो वाटेतच होता. दुपारी बाहेर लू वाहायची आणि आत आम्ही तिघं रुमालाने मान पुसत शिखराकडे बघत बसायचो. शेवटी सोनीपतने घरून टेम्पोत घालून एक कूलर आणला. लोखंडी, निळा, कपाटाएवढा, तिन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या. सर दारातच थबकले. प्रयोगशाळेत कूलर चालणार नाही असं नियमात स्पष्ट लिहिलेलं होतं.

"सर, लॅब में कहाँ है," सोनीपत म्हणाला. "कॉरिडॉर में है. बस मुँह लॅब की तरफ है."

सरांनी घाम पुसला आणि म्हणाले, "तो फिर ठीक है. कॉरिडॉर तो सबका है."

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी आमच्या क्षेत्रातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असते. टेराहर्ट्झ लहरींना ओलावा चालत नाही. हवेतली वाफ त्यांना गिळते, आणि तेही सगळ्यांना सारखं गिळत नाही, काही ठरावीक वारंवारता निवडून निवडून गिळते. म्हणून लहरींच्या वाटेवर आम्ही प्लास्टिकच्या पारदर्शक पत्र्यांची एक पेटी केली होती आणि तिच्यात कोरडा नायट्रोजन सोडत होतो. पेटीत आर्द्रता मोजायचं एक छोटं घड्याळासारखं यंत्रही ठेवलेलं होतं. ते बारा महिने तेरा काळ एकच आकडा दाखवायचं, अगदी कोरडाठाक. पाहुणे आले की सर ते कौतुकाने दाखवत. "देखिए, बाहर सावन हो, यहाँ राजस्थान है."

तर कूलर आला, आणि त्याच आठवड्यात शिखर सरकलं. मी सकाळी शून्य व्होल्टला सुरुवात करायचे आणि दिवसभर एकेक पायरी वर चढवत न्यायचे. सकाळी शिखर इथे, दुपारी तिथे, संध्याकाळी आणखी पुढे. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. मला आधी खरंच वाटेना. मग खरं वाटलं आणि मी खुर्चीवर बसूनच रडले. सोनीपत म्हणाला, "मराठी, तेरा पहाड चल पडा," आणि जिलेब्या आणायला गेला. सर पडद्यासमोर उभे राहून शिखराला म्हणाले, "बडी देर कर दी आपने."

घरी सांगितलं तेव्हा बाबांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारलं. परात, पाणी, गेट, शिखर. तोवर माझ्याबद्दल कुणी विचारलं तर ते "अजून शिकतेय" म्हणायचे, आणि त्यातला 'अजून' जरा लांबवायचे. त्या संध्याकाळी ते न सांगता खाली गेले आणि तासाभराने परत आले तेव्हा मंडळाने महाराष्ट्र दिनाला माझा सत्कार ठरवला होता. शाल आणि श्रीफळ. माझा परिचय बाबाच लिहिणार होते. पुढचे दोन दिवस ते जेवताना मध्येच विचारायचे, "'ट्यूनेबल'ला मराठीत काय म्हणतात?" मी 'सुलभ फेरजुळणीक्षम' असं काहीतरी सांगितलं. त्यांनी ते लिहून मग खोडलं आणि 'सांगेल तसं वागणारा' असं लिहिलं. मला त्यांचंच आवडलं. बाबांना माझ्यामुळे असं हरखलेलं मी कधी पाहिलं नव्हतं आणि मी मनातून फार सुखावले होते.

सत्काराला आठवडा असताना मी सकाळी प्रयोगशाळेत आले, नेहमीसारखी शून्यापासून सुरुवात केली, दिवसभर व्होल्टेज वाढवत गेले, आणि शिखर इतकं देखणं सरकलं की मी त्याचा फोटो काढला. संध्याकाळी आवरताना लक्षात आलं, व्होल्टेज देणाऱ्या यंत्राचं आउटपुटचं बटण दिवसभर बंद होतं. आकडे मी बदलत होते, यंत्र ते दाखवत होतं, पण तारेतून चिपपर्यंत काहीच जात नव्हतं. शिखर गेटला न विचारताच सरकलं होतं, आणि रोजच्यापेक्षा छान सरकलं होतं.

मी ते बटण दोनदा चालू-बंद करून पाहिलं. मग सरांना जाऊन सांगितलं. सर आधी पाणी प्यायले, मग त्यांनी मला पाजलं. "तो फिर ये किसके कहने पर चल रहे थे?" त्यांनी विचारलं. तोच खरा प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी सोनीपत चुलतभावाच्या लग्नाला गेला होता. मी गेट बंद ठेवून दिवसभर मोजलं. शिखर जागचं हललं नाही. सोनीपत लग्नाहून आला, मी पुन्हा गेट बंद ठेवून मोजलं, आणि शिखर चालायला लागलं. सरांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं, मग दोघांनी सोनीपतकडे पाहिलं.

आता प्रत्येक माणसाच्या अंगातून टेराहर्ट्झ लहरी निघतच असतात. ज्याला ऊब आहे त्याच्यातून त्या निघतात. सोनीपतचा आकार पाहता तो त्यांचा मोठाच उगम होता. सरांनी संकोचत त्याला विनंती केली, आप जरा इधर खडे हो जाइए. मग जरा उधर. मग खाली बसवलं, मग कपाटाआड उभं केलं, मग त्याच्या अंगाभोवती खाऊ गुंडाळायची चांदीसारखी पन्नी गुंडाळली. सोनीपतने सगळं शांतपणे करू दिलं. स्वतःच्या आईला फोन करून त्याने सांगितलंही की विज्ञानात त्याचा वापर होतोय. शिखर मात्र तो कुठेही असला तरी आपल्या चालीने चालत होतं.

दुपारनंतर ते अचानक मागे फिरलं. सोनीपत पन्नीत, दाराजवळ, तसाच उभा होता. मी दचकून विचारलं, "क्या किया तूने?"

"कुछ नहीं किया," तो म्हणाला. "गर्मी लग रही है. कूलर का पानी खत्म हो गया."

 सर पेटीपाशी गेले, आर्द्रता मोजायचं यंत्र काढलं आणि सोनीपतच्या वाफाळत्या चहावर धरलं. राजस्थान. त्याच्यावर फुंकर मारली, ओलं बोट लावलं. राजस्थानच. ते कधीच बिघडून बसलं होतं, आणि आम्ही त्याच्या स्थिर आकड्याला आमच्या पेटीचं प्रशस्तिपत्र समजत आलो होतो. पेटीच्या खालच्या कडेचं रबर वाळून तडकलेलं होतं, तिथून कूलरची ओली हवा मजेत आत जात होती. सोनीपत सकाळी आल्यावर कूलर हळू लावायचा, ऊन चढलं की मध्यम, दुपारी पूर्ण. तो लग्नाला गेला त्या दिवशी पाणी भरायला कुणी नव्हतं, कूलर बंदच राहिला होता. मी सकाळी शून्यापासून निघून संध्याकाळपर्यंत वर पोचायचे. माझी कळ आणि त्याची कळ हातात हात घालून फिरत होत्या. वाफ शिखराची एक बाजू खात जायची, उरलेलं शिखर दुसऱ्या बाजूला सरकल्यासारखं दिसायचं, आणि आम्ही जिलेब्या खात होतो.

म्हणजे नुकतं हातात आलेलं चौथं प्रकरण गेलं. कूलर बंद करून, गेटचं बटण नीट चालू करून मी पुन्हा मोजलं. शिखर थोडंसं सरकल्यासारखं वाटलं. केसभर. ते खरं होतं की मला हवं होतं म्हणून दिसत होतं, हे मलाच सांगता येईना. सर म्हणाले, "अब हमें अपनी आँखों पर भरोसा नहीं रहा."

बाबांना सांगणं सगळ्यांत अवघड होतं. सत्काराच्या आदल्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट खुर्चीच्या पाठीवर घालून त्यावरच्या सुरकुत्या हाताने सारख्या करत होते. मी सगळं सांगितलं. बटण, सोनीपत, पन्नी, कूलर. ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "म्हणजे गेटने केलं की कूलरने केलं, हे आत्ता सिद्ध होत नाही."

"नाही होत."

"मग आमच्या ऑडिटच्या भाषेत, पॅरा पेंडिंग ठेवावा लागेल."

त्यांनी शर्टाची घडी घातली आणि मंडळाच्या सेक्रेटरींना स्वतः फोन केला. "सत्कारावर ऑब्जेक्शन निघालंय. नाही, नाही, बाहेरच्या कुणाचं नाही. आमचंच आहे." फोन ठेवल्यावर त्यांनी घडी घातलेला शर्ट परत कपाटात ठेवला.  शाल तोवर आणून झाली होती, म्हणून मंडळाने ती मावळत्या खजिनदारांना दिली. ते इतके गोंधळले की त्यांनी भाषणात माझेच आभार मानले.

कार्यक्रमानंतर हाउजी होती. मी मागच्या रांगेत तिकीट घेऊन उगाच बसले होते. आई स्टेजवर पिशवी घुसळत होती. "एकटा जीव, नंबर एक." मग एकदम एकोणनव्वद. मग बारा. वर, खाली, पुन्हा वर. पुढचा नंबर काय येणार ते पिशवीलाही माहीत नव्हतं आणि आईलाही नव्हतं. मी तिकिटावर काट मारायची विसरून तिच्या हाताकडे बघत राहिले. आमची सगळी भानगड एवढीच होती की मी रोज खालून वर जात होते. दिवसही खालून वर जात होता. मी जर आईच्या पिशवीसारखी गेले असते, तर कुठल्याही कूलरला माझ्या बरोबरीने चालता आलं नसतं. शिवाय हाउजीत नंबर असतात नव्वदपर्यंत, आणि माझं गेट चालायचं शून्य पूर्णांक नऊ व्होल्टपर्यंत. नंबर जो येईल तितके शतांश व्होल्ट.

शेजारच्या काकूंनी मला हलवलं. "अगं, तुझी पहिली ओळ झालीय, ओरड की."

सरांना कल्पना सांगितली तेव्हा त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "माताजी को तकलीफ तो नहीं होगी?" संगणकाला सांगूनही उलटेसुलटे आकडे काढता आले असते, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. पण त्या आठवड्यात आमचा कुठल्याच यंत्रावर विश्वास उरला नव्हता. आईच्या पिशवीवर होता.

मेच्या भर उन्हाळ्यात, एका शनिवारी, आई हाउजीची पिशवी घेऊन प्रयोगशाळेत आली. बरोबर बाबाही आले, कुणी बोलावलं नसताना. पेटीचं नवीन रबर यायचं होतं, त्यामुळे कूलर पूर्ण बंद ठेवणं भाग होतं, आणि कॉरिडॉर सबका असल्यामुळे येणारे जाणारे तो लावतील ही भीती होती. बाबांनी स्टूल मागितलं, कूलरच्या बटणाशेजारी ठेवलं, पेपर उघडला आणि बसले. पूर्ण बाह्यांचा शर्ट, वरचं बटण लावलेलं. आत दार बंद करून आम्ही कामाला लागलो.

पद्धत अशी ठरली होती. आई आणि मी कपाटामागे. तिने नंबर काढून फक्त मला दाखवायचा, मी तेवढं व्होल्टेज द्यायचं. पलीकडे सोनीपतने व्होल्टेज न कळता शिखर कुठे आहे ते मोजायचं आणि सरांनी ते टिपायचं. पेटीत सोनीपतने बाजारातून आणलेलं आर्द्रतेचं नवीन यंत्र होतं, त्याचे आकडे आपोआप संगणकात जात होते. अडचण एकच आली आणि ती आम्हाला आधी सुचली नव्हती. आईला नंबर पुकारायचा नव्हता.

पहिला नंबर निघाला बावीस. आईचं तोंड उघडलं. मी हात जोडले. तिने ओठ घट्ट मिटले, पण दोन जावा तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होत्या. पुढच्या नंबराला तिने पदराचा बोळा तोंडात धरला. पलीकडून सोनीपत म्हणाला, "आंटी जी, हँसना भी मत. हँसने से भी पता चलता है."

"मी हसत नाहीये रे," आई कळवळून म्हणाली. "गुदमरतेय."

खरंच गुदमरण्यासारखं होतं. खिडक्या बंद, पंखे बंद, चार माणसं आणि उपकरणांची धग. सोनीपतने डोक्यावर ओला गमछा घेतला, तर सरांनी तो बाहेर टाकायला लावला, ओलावा नको म्हणून. आईच्या कपाळावरचं कुंकू ओघळलं होतं. मी विचारलं, थांबूया का. ती पिशवी घुसळत म्हणाली, "फुल हाउस झाल्याशिवाय मी उठत नसते." बाहेरून मधूनमधून बाबांचा आवाज यायचा. "बंद है. नहीं लगेगा. ऑब्जेक्शन है."

पिशवीतल्या नंबरांच्या पुरेशा टिकल्या काढून झाल्यावर सरांनी त्यांचे शिखराचे आकडे आणि मी माझे नंबर एकत्र मांडले. पडद्यावर एकेक ठिपका उमटायला लागला. बावीसचा खाली डावीकडे. एक्क्याऐंशीचा वर उजवीकडे. मग नऊचा पुन्हा खाली. आम्ही कुठल्याही क्रमाने गेलो असलो तरी ठिपके आपापल्या जागी येऊन बसत होते, आणि त्यांची एक चढती रेघ होत होती. कूलरने दाखवलं होतं त्याच्या तुलनेत चढ किरकोळ होता. पण तो गेटचा होता.

"छोटे हैं," सर पुटपुटले. "मगर सच्चे हैं."

आईने विचारलं, "म्हणजे मी काढेन त्या नंबरला ते जातं?"

"हो."

"तोंडाने न सांगता?"

"हो, आई."

"घरात असं कुणीच नाही," ती म्हणाली, आणि शेवटी तोंड पुसलं.

मी बाबांना आत बोलावलं. त्यांनी चष्मा लावून पडद्यावरची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली. मान डोलावली. मीही पहिल्यांदाच नीट बघत होते, तेव्हा मला एक ठिपका दिसला. त्रेसष्टचा. बाकी सगळे रेघेवर बसले होते आणि हा एकटाच लांब भरकटला होता.

"ये साहब कहाँ चल दिए?" सर म्हणाले.

सोनीपतने आर्द्रतेचे आकडे काढले. दुपारभर सपाट, आणि नेमका त्रेसष्टच्या वेळी एक उंचवटा. पुन्हा सपाट. कुणीतरी कूलर लावला होता आणि लगेच बंद केला होता. आम्ही सगळेच बाबांकडे वळलो.

"कुणी आलं होतं का बाबा? तुम्ही जागेवरून उठला होतात?"

बाबांनी पेपरची घडी घातली. मग तिचीही आणखी एक घडी घातली.

"मीच लावला होता," ते म्हणाले. "दाराच्या काचेतून दिसत होतं. तिला फार घाम आला होता. म्हटलं, फटीतून जरा वारा जाईल." मग थोडं थांबून म्हणाले, "बंदही केला लगेच. चूक आहे ती."

 नंबर पुकारण्यात जिचा हात धरणारं कुणी नाही, ती पिशवीची दोरी बोटाला गुंडाळत बसून राहिली. सोनीपतला मराठी कळत नव्हतं, पण त्याने जाऊन कूलर पूर्ण जोरात लावला आणि दार सताड उघडलं. मी सरांना हिंदीत कारण सांगितलं, तेव्हा ते अदबीने म्हणाले की हा एक ठिपका वगळून टाकू, कारण माहीतच आहे. त्यावर बाबाच ताठ झाले. एकदा झालेली नोंद खोडता येत नाही, ते हिंदीत म्हणाले, खाली शेरा लिहिता येतो.

म्हणून माझ्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात त्रेसष्टचा ठिपका आहे तिथेच आहे, आणि खाली शेरा आहे की या मोजमापाच्या वेळी हवेतली आर्द्रता तात्पुरती वाढली होती. मंडळाने पुढे नवीन शाल आणली आणि सत्कार केला. बाबांनी परिचय वाचताना 'सांगेल तसं वागणारा' ठेवलं आणि त्याच्या आधी 'थोडासा' हा शब्द घातला. आता काकूंपैकी कुणी विचारलं, मुलीचं ते यंत्र नेमकं काय करतं, तर आई उजेडाचं नाव काढत नाही.

"फार बारीक आहे हो ते," ती सांगते. "ह्यांनी एकदा माझ्यासाठी कूलर लावला, तर तेवढंही त्यात उमटलं."